जावा दर तीन महिन्यांनी आपोआप बिघडतं? ५२ आणि ६५ ची भानगड

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा आजार हाच की दुसरा ते लगेच कळेल. प्रोग्रॅम कंपाइल होतो, जावा-सी, म्हणजे जावाचा कंपाइलर, एक शब्द बोलत नाही, त्याने बनवलेली डॉट क्लासची फाइलही फोल्डरमध्ये दिसते, आणि मग रन करायला गेलं की 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' असं लांबलचक काहीतरी येतं, त्यात शेवटाकडे दोन आकडे असतात, एक ६५.० आणि एक ५२.०. तुमच्याकडे आकडे दुसरे असतील, ६१ असेल, ६९ असेल, त्याने फरक पडत नाही. आणि खरी ओळख ही की जेडीके, म्हणजे जावात प्रोग्रॅम लिहायला लागणारं पॅकेज, जावा-सी त्यातच येतं, ते पुन्हा इन्स्टॉल केलं की सगळं बरं होतं, दोन-अडीच महिने छान चालतं, आणि मग एके दिवशी कोणी कशाला हात न लावता परत तेच.

हे 'परत तेच' माझ्या भाच्याचं आहे. ताई राहते नौपाड्यात, भाचा बीएससी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला, मी कळव्याला राहतो आणि ऐरोलीला सपोर्टमध्ये आहे, त्यामुळे घरात कुणाचंही काही अडलं की 'मामाला विचार'. ठाणे स्टेशनला ९-१० नंबरवर ट्रान्सहार्बरच्या गाडीची वाट बघताना मी किती वेळा फोनवर जावा दुरुस्त केलंय त्याला गणती नाही. हेही मी गाडीतच फोनवर टाइप करतोय, मराठी कीबोर्ड आहे, म्हणून कमांड मी फोनवर बोलतो तशाच लिहिल्यात, तुम्ही अर्थात इंग्रजीतच टाइप करा.

पहिल्यांदा झालं ऑक्टोबरमध्ये. तो इनहेरिटन्सवर होता, नेहमीचंच बँकेचं उदाहरण, अकाउंट नावाचा क्लास आणि त्यावरून सेव्हिंग्ज अकाउंट. मला म्हणाला, मामा, एक्स्टेंड्स चुकलंय बहुतेक. बिचाऱ्याने दोन रात्री कोड खालीवर केला होता, कन्स्ट्रक्टर काढून टाकला, परत घातला, शेवटी सेव्हिंग्ज अकाउंटच उडवला. शिकणाऱ्या पोरांचं हे नेहमी होतं, एरर आली की आपलाच कोड चुकला असं धरून चालतात, आणि इथे तर कोडची अजिबात चूक नव्हती. मी सांगितलं जेडीके काढ आणि परत टाक. त्याने टाकलं, चाललं, मी पण हिरो झालो. जानेवारीत परत फोन. परत काढ, परत टाक. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मात्र मला लाज वाटली, कारण ऑफिसात कुणी असं 'रिस्टार्ट करून बघा' टाइप उत्तर दिलं तर मीच त्याला झापतो.

तर आता नीट सांगतो काय होतं ते.

ते दोन आकडे आधी वाचायला शिका, बाकीची एरर वाचली नाही तरी चालेल. आकड्यातून ४४ वजा करा की जावाचं व्हर्जन मिळतं. ६५ वजा ४४ म्हणजे २१. ५२ वजा ४४ म्हणजे ८. ६१ असेल तर १७, ५५ असेल तर ११, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं २५ वापरत असाल तर ६९. आता एरर मराठीत वाचा: ही क्लास फाइल जावा २१ ने बनवली आहे आणि मी आहे जावा ८, मला ५२ च्या पुढचं वाचता येत नाही. इतकंच म्हणतंय ते. नवीन जावाला जुन्या क्लास फाइल चालतात, जुन्याला नवीन नाही चालत, आणि ८ तर मार्च २०१४ चं आहे, २१ आलं सप्टेंबर २०२३ ला, मधे साडेनऊ वर्षं गेलीत.

विश्वास बसत नसेल तर डोळ्यांनी बघा, मी भाच्याला दाखवलं तेव्हा त्याला ते सगळ्या लेक्चरपेक्षा जास्त आवडलं. व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये हेक्स एडिटरचं, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारं, एक्स्टेन्शन मिळतं, त्यात डॉट क्लास फाइल उघडा. पहिले चार बाइट सी ए, एफ ई, बी ए, बी ई, सलग वाचलं तर कॅफे बेब. प्रत्येक क्लास फाइल याच चार बाइटने सुरू होते, जावा करणाऱ्यांनी ठेवलेली खूण आहे ती. त्यापुढे दोन बाइट सोडा आणि सातवा-आठवा बघा, तिथे ०० ४१ दिसेल. हेक्समधला, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबात लिहिलेला, ४१ म्हणजे सोळा चोक चौसष्ट आणि एक, ६५. हाच तो एररमधला आकडा. जावा ८ ने बनवलेली फाइल असती तर तिथे ३४ दिसला असता, म्हणजे ५२. भाचा बराच वेळ शांत होता, मग म्हणाला हे एवढंच चेक करतं होय.

मग प्रश्न असा की एकाच लॅपटॉपवर कंपाइल करणारा २१ आणि चालवणारा ८ कसा काय? कारण लॅपटॉप भाच्याचा एकट्याचा नाही. भाओजी छोटी-मोठी सरकारी कामं घेतात, टेंडर ऑनलाइन भरावं लागतं, त्याला डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लागतो आणि त्या सगळ्या प्रकारासाठी कुणीतरी केव्हातरी त्यांच्या मशीनवर जावा ८ टाकून दिलंय. ते काढायचं नाही, कारण टेंडरच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सही चालली नाही तर घरात काय होईल ते मला माहितीये.

आता हे जे जावा ८ आहे ते फक्त रन करण्यापुरतं आहे, म्हणजे जेआरई, त्यात जावा आहे पण जावा-सी नाहीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळी गंमत यात आहे. तुम्ही काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, नुसतं 'जावा' टाइप करता तेव्हा विंडोजला माहीत नसतं कुठलं जावा. त्याच्याकडे पाथ नावाची फोल्डरांची यादी असते, ती वरून खाली वाचत जातो आणि ज्या फोल्डरात पहिल्यांदा जावा सापडेल ते चालवतो, पुढे बघतसुद्धा नाही. आमच्या सोसायटीत कुरियरवाला असाच करतो, पार्सलवर नुसतं 'पाटील' लिहिलेलं असलं की तळमजल्यावरच्या पाटलांच्या हातात देऊन मोकळा, चौथ्या मजल्यावरचे पाटील बसलेत वाट बघत. तर यादीत जावा ८ चं फोल्डर वर असेल तर 'जावा' म्हटलं की ८ येतं. आणि 'जावा-सी' म्हटलं की त्या फोल्डरात ते नसतंच, म्हणून विंडोज खाली उतरतो, आणि २१ च्या फोल्डरात त्याला सापडतं. कंपाइल झालं २१ ने, चालवायला बसला ८. संपलं.

हे तपासायला एकच कमांड, 'व्हेअर जावा'. आणि मग 'व्हेअर जावा-सी'. सापडलेले सगळे पत्ते क्रमाने दाखवते, पहिला जो असेल तोच चालतो. इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलो, फोनवर भाच्याला सांगितलं व्हेअर जावा टाक, तो म्हणे काहीच येत नाही, एररही नाही, नुसती पुढची ओळ. पाच मिनिटं मी वेड्यासारखा विचार करत होतो की असं कसं, आणि गाडी रबाळ्याच्या पुढे गेली, माझं ऐरोली मागे राहिलं. तो व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये होता आणि तिथे विंडोजवर पॉवरशेल उघडतं, आणि पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' हा शब्द दुसऱ्याच कामाचा आहे. तिथे 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण टाइप करायचं किंवा सरळ साधा कमांड प्रॉम्प्ट उघडायचा.

त्याच्याकडे आउटपुट असं होतं: पहिल्या ओळीत प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६, कॉमन फाइल्स, ओरॅकल, जावा, जावापाथ. दुसऱ्या ओळीत तेच सगळं पण एक्स८६ शिवाय. पहिलं ते ३२ बिटवालं जावा ८, दुसरं त्याचं जेडीके २१. 'जावा मायनस व्हर्जन' टाकलं तर १.८.० असं काहीतरी आलं, तर हा म्हणतो मामा १.८ कुठलं, बाबांचं तर ८ आहे ना. एकच आहे रे बाबा. ९ येईपर्यंत ते १.५, १.६, १.८ असंच नाव सांगायचं, ९ पासून तो एक आणि टिंब गेलं.

आणि आता मूळ प्रश्न, दर तीन महिन्यांनीच का? माझी ट्यूब एप्रिलमध्ये पेटली. व्हॉट्सअॅपवर मागे जाऊन त्याचे मेसेज काढले तर ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल, आणि प्रत्येक वेळी महिन्याचा उत्तरार्ध. ओरॅकलचे जावाचे सिक्युरिटी अपडेट जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चार महिन्यांत येतात, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. ते आलं की खाली घड्याळाच्या बाजूला कॉफीच्या कपाचा आयकॉन येतो, भाओजी रात्री टेंडर बघत बसलेले असतात, अपडेट हवंय का विचारलं की ते शहाण्यासारखं हो म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. पण तो इन्स्टॉलर प्रत्येक वेळी आपलं जावापाथ फोल्डर पाथच्या यादीत सगळ्यात वर नेऊन ठेवतो. जेडीके २१ चा इन्स्टॉलरही हेच करतो. म्हणजे जो शेवटी आला तो खिडकीजवळ बसला. माझं 'काढ आणि परत टाक' का चालायचं ते आता कळलं ना, आम्ही दर वेळी २१ ला वर बसवत होतो आणि तीन महिन्यांनी भाओजी ८ ला वर बसवत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

मधल्या काळात भाच्याने व्हिडिओ बघून आपणहून एक उपाय केला होता, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जाऊन वरच्या डब्यात, म्हणजे युजरच्या पाथमध्ये, जेडीकेचं बिन फोल्डर, म्हणजे ज्यात जावा आणि जावा-सी असतात ते, अगदी पहिल्या नंबरवर टाकलं. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण विंडोज खालच्या डब्यातला सिस्टिमचा पाथ आधी घेतो आणि युजरचा त्याच्या मागे जोडतो. युजरमध्ये पहिले असलात तरी सिस्टिमच्या सगळ्यांच्या नंतरच. जेडीके वर आणायचं असेल तर सिस्टिमच्या डब्यात आणा, आणि नंतर नवीन खिडकी उघडा, आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी जुनाच पाथ धरून बसते. व्हीएस कोड तर पूर्ण बंद करून उघडा, नुसतं टर्मिनल बंद केलं तर उपयोग नाही.

आणि कृपा करून ती 'सेटएक्स पाथ' वाली कमांड चालवू नका, कितीही लाइक्स असलेल्या व्हिडिओत असली तरी. सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. पाथ लांब असेल तर मागची सगळी फोल्डरं गायब, आणि मग पायथन चालत नाही, गिट चालत नाही, आणि तुम्ही म्हणता जावाने सगळं बिघडवलं. ऑफिसात एका पोराचं असं झालेलं मी निस्तरलंय, अर्धा दिवस गेला.

पण सिस्टिम पाथमध्ये वर आणलं तरी जुलै येणारच आहे. अपडेट बंद करा असं मी सांगणार नाही, सिक्युरिटीचे असतात ते, आणि टेंडरच्या मशीनवर तर नाहीच. जावा ८ ची गरज नसेल तर सरळ अनइन्स्टॉल करा, तुमचं काम इथेच झालं, पुढचं वाचू नका. गरज असेल तर उपाय असा की पाथच्या भांडणात पडायचंच नाही. भाच्यासाठी आपली स्वतःची वेगळी काळी खिडकी करायची जिला सिस्टिममध्ये कोण पहिला आहे याच्याशी देणंघेणं नाही.

नोटपॅडमध्ये तीन ओळी. पहिली: सेट, स्पेस, जावा अंडरस्कोअर होम, बरोबरची खूण, आणि लगेच जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता, म्हणजे सी मधल्या प्रोग्रॅम फाइल्समधल्या जावा फोल्डरातला जेडीके-२१ वगैरे जे तुमच्याकडे असेल ते. शेवटी बिन लावायचं नाही, आणि बरोबरच्या खुणेच्या आजूबाजूला स्पेस सोडायची नाही, सोडली तर ती स्पेस नावातच धरली जाते आणि तासभर डोकं खाजवत बसाल. दुसरी: सेट, स्पेस, पाथ, बरोबर, टक्का जावा अंडरस्कोअर होम टक्का, बॅकस्लॅश बिन, सेमीकोलन, टक्का पाथ टक्का. म्हणजे आपलं बिन आधी आणि बाकीची यादी त्याच्या मागे. तिसरी: सीएमडी, स्पेस, स्लॅश के, म्हणजे खिडकी उघडी राहते. सेव्ह करताना टाइपमध्ये ऑल फाइल्स निवडा आणि नावाच्या शेवटी डॉट बॅट, नाहीतर नोटपॅड गुपचूप मागे डॉट टीएक्सटी चिकटवतो. फाइल डेस्कटॉपवर ठेवा, डबल क्लिक करा, त्या खिडकीत 'व्हेअर जावा' टाका, पहिली ओळ जेडीकेची आली पाहिजे. हा पाथ फक्त त्या खिडकीपुरता असतो, खिडकी बंद केली की गेला, त्यामुळे भाओजींच्या जावा ८ ला धक्काही लागत नाही.

व्हीएस कोड वापरत असाल तर आधी त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करा आणि या काळ्या खिडकीतून आपल्या फोल्डरात जाऊन 'कोड स्पेस डॉट' म्हणा, मग त्याच्या आतल्या टर्मिनललाही हाच पाथ मिळतो. मेव्हन, म्हणजे प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल, वापरायला लागाल तेव्हा तो पाथमधलं जावा न बघता जावा होम बघतो, म्हणून पहिली ओळ. इंटेलिजे आणि एक्लिप्स या आयडीईंना, म्हणजे कोड लिहून तिथेच चालवायच्या सॉफ्टवेअरना, पाथचं फारसं पडलेलं नसतं, तिथे प्रोजेक्टला कुठलं जेडीके ते सेटिंगमध्येच असतं, 'आयडीईत चालतं पण बाहेर चालत नाही' असं लोक म्हणतात त्याचं निम्म्या वेळा हेच कारण निघतं.

उलटी गरज असेल, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम जावा ८ वाल्या मशीनवरच चालवायचाय आणि तिथलं जावा बदलता येत नाही, तर कंपाइल करताना 'मायनस मायनस रिलीज ८' द्या. २१ वॉर्निंग देईल की हे जुनं झालंय, देऊ दे. फक्त मग व्हार, रेकॉर्ड, तीन अवतरणांची लांब स्ट्रिंग असलं नवीन काही कोडमध्ये चालणार नाही.

दुसरे आजार थोडक्यात, कारण लोक सगळं एकातच मिसळतात. 'जावा-सी इज नॉट रेकग्नाइज्ड' आलं तर तुमच्याकडे नुसतं जेआरई आहे किंवा जेडीकेचं बिन पाथमध्ये नाही. 'कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास' आलं तर बघा की रन करताना नावामागे डॉट क्लास तर नाही लावलं, लावायचं नसतं. तरी आलं तर क्लासपाथ नावाचं व्हेरिएबल, म्हणजे जावाने क्लास फाइल कुठे शोधायच्या ती यादी, कुणी सेट करून ठेवलंय का बघा. भाच्याच्या क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून लिहिलंय की क्लासपाथमध्ये टूल्स डॉट जार टाका. ही फाइल जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, जेडीकेत नाहीच, आणि क्लासपाथ असा सेट केला की जावा चालू फोल्डरात बघणंच सोडून देतं. ते व्हेरिएबल डिलीट करा, काही होत नाही. आणि 'राँग नेम' असं दिसलं तर तुम्ही फाइलच्या वर पॅकेज लिहिलंय आणि त्याच फोल्डरात बसून रन करताय, एक फोल्डर वर जा आणि पॅकेजचं नाव, टिंब, क्लासचं नाव असं चालवा. नुसता एका फाइलचा प्रोग्रॅम असेल तर ११ पासून 'जावा' म्हणून थेट डॉट जावा फाइलच देता येते, कंपाइल करायचीही गरज नाही, आणि एकच जावा दोन्ही कामं करत असल्याने ५२-६५ चा झगडाही होत नाही. शिकताना पहिले काही महिने मला तरी हेच बरं वाटतं.

जुलैच्या शेवटी नौपाड्याला गेलो होतो. ताई चहा टाकत होती, मी सहज लॅपटॉप उघडून साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर जावा' टाकलं, तर एक्स८६ वालं परत पहिल्या ओळीत येऊन बसलेलं, म्हणजे अपडेट झालं होतं. भाच्याला पत्ताच नव्हता. तो आपल्या डेस्कटॉपवरच्या बॅट फाइलमधून काम करत होता आणि त्याला वेगळंच काहीतरी विचारायचं होतं, की सुपरच्या आधी एक प्रिंट टाकला तर कंपाइलर का ओरडतो, आणि कॉलेजमधला एक मित्र म्हणतो की माझ्याकडे तर चालतं. मी विचारलं मित्राकडे कुठलं जावा आहे, तर म्हणे २५.